आधी आपण बसायचं

आमच्या आबांचं चोपड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप. तिथला एकच कायदा: "जो जोडी, तोच पहिले बठी." ज्यानं ट्रॉलीचा सांधा जोडला, त्यानं आधी त्या ट्रॉलीत बसून नाल्यातल्या दगडधोंड्यांतून फेरी मारायची. मगच केळीचे घड भरायला ट्रॉली गिऱ्हाइकाच्या ताब्यात. माझी कंबर त्या फेऱ्यांनीच घडली.

पुढं मी मुंबईच्या गोदीत वेल्डर म्हणून लागलो. क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या युद्धनौका, एकाच नमुन्याच्या, एकामागून एक बांधत होतो. माझा हात चांगला आहे, हे सांगायला मी लाजत नाही. माझ्या सांध्याचा एक्स-रे साहेब नवीन पोरांना दाखवायचे. पण आबांना त्याचं काय! गावी गेलो की ते लोकांना सांगायचे, "पोऱ्या नोकरीवर शे." वेल्डर आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. का, तर मी जोडलेल्यावर मी कधी बसलोच नव्हतो. हे मला फार लागायचं.

त्यांतलं एक जहाज पहिल्यांदा खोल समुद्रात चाचणीला निघालं, तेव्हा बरोबर जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो.

"अरे, तुझा सांधा एक्स-रेत पास झालाय," साहेब म्हणाले.

"एक्स-रेला बुडायची भीती नसते, साहेब. मला बसायचंय."

"समुद्र लागेल तुला. आतडी बाहेर येतील."

"येऊ द्या!"

तीन दिवस पिच्छा पुरवला. चौथ्या दिवशी साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दुरुस्तीच्या टोळीत माझं नाव घातलं.

किनारा मागं पडला तशी सगळी मंडळी डेकवर पळाली. क्षेपणास्त्रांच्या झाकणांपाशी उभं राहून फोटो काय, आरडाओरडा काय! मी मात्र टोळीप्रमुखाला सांगून खाली उतरलो, पार तळाच्या खणात. तिथं माझा सांधा होता. त्याला पाठ टेकून बसलो. रंगाखाली तो दिसत नव्हता, पण जागा मला पाठ होती. बाहेरच्या अंगाला नुसतं पाणी. उकाडा असा की अंगातून धारा लागल्या. पूर्ण वेगात जहाज गर्रकन वळवलं तेव्हा मी घसरत समोरच्या भिंतीवर आदळलो, बादलीत ओकलो आणि पुन्हा येऊन टेकलो. लोखंड थरथरत होतं. सांधा जागचा हलला नाही. हलणार कसा? मी जोडला होता!

वर बोलवायला दोनदा माणूस आला. म्हणाला, "येड्या, सूर्य बुडतोय, बघ तरी." मी गेलो नाही. नाल्यातली फेरी अर्ध्यात सोडून कुणी उतरतं का?

गोदीला परत लागल्यावर धक्क्यावरूनच आबांना फोन लावला.

"खोल समुद्र कसा शे रे?" आबांनी विचारलं.

"देखा नही, आबा. दिवसभर खाले मना सांध्याले टेकीसन बठेल व्हतू."

पलीकडं वर्कशॉपातला ग्राइंडर घरघरत होता. मग एकदम त्यांचा आवाज आला, माझ्याशी नाही, वर्कशॉपमधल्या माणसांशी, ग्राइंडरच्या वर चढवलेला: "अरे, बंद करा ते! आयका! मना वेल्डर बठना रे, बठना!"

धक्क्यावर सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडलो.