सुट्टीत वाचायला दिलेलं पुस्तक

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लोकांना वाटतं, शिक्षकांची चंगळ. मला मात्र त्या सुट्टीची धास्ती असते. साकोलीजवळच्या ज्या गावात मी शिकवते, तिथली पोरं मार्चअखेर कशीबशी वाचायला लागतात आणि आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. तोवर वर्षभराची मेहनत वाळून जाते. दरवर्षी हेच. चिडचिड होते, पण चिडायचं कोणावर?

त्या वर्षी माझा जीव तिसरीतल्या एका मुलीत अडकला होता. घर मासेमारी करणारं, आईबापांना अक्षरओळख नाही. वर्षभर ही फळ्याकडे नुसती बघत बसायची आणि परीक्षेच्या जरा आधी एकदा अक्षराला अक्षर जोडत अख्खं वाक्य वाचून मोकळी झाली. मला रडूच आलं. पण ते वाचन फार कोवळं होतं, रोज जपलं असतं तरच तगलं असतं. म्हणून सुट्टी लागताना शाळेच्या कपाटातलं गोष्टींचं एक पुस्तक तिच्या हातात दिलं आणि आईला बजावलं, हिच्याकडून रोज वाचून घ्या.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मी रोज काहीतरी टाकत होते. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे, नाहीतर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. हिच्या बापाचा फोन तर बापासोबत तलावावर. आणि माझा स्वतःचा मुलगा तरी कुठे पुस्तकाला शिवत होता! वरून मलाच म्हणायचा, "आई, सुट्टी आहे ना?"

मे अर्धा सरला तेव्हा राहवेना. स्कूटी काढली आणि गावात गेले. घराला कुलूप होतं. तलावाचं पाणी उतरलं की ही माणसं दिवसभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच असतात; मी तिकडेच गेले. आई मोहाच्या झाडाखाली झिंगे निवडत बसली होती, मुलगी तिच्या शेजारी. मला बघून आई लगबगीनं उठली.

"पुस्तक एकदम नीट हाये, मॅडम. हळदकुंकू लावून पेटीत ठेवलं."

"मग ही वाचते कधी?"

"हात नाही लावू देल्ला मी तिले! दिवसभर मासोळीत हात राह्यते. अशा हातानं पुस्तकाले कसं शिवावं? खराब होऊन जाईन नं."

ती हे मोठ्या अभिमानानं सांगत होती. नवं जाळं पाण्यात टाकायच्या आधी त्याला हळदकुंकू लावणारी ही माणसं. पुस्तकालाही तिनं तोच मान दिला होता. तिला काय रागावणार, कपाळ? मी समजावलं, "हात धुऊन वाचू द्या तिले. फाटलं तरी चालते. रोज थोडा वेळ, बस." तिनं मान डोलावली. तेवढ्यात बापानं पाण्यातून हाक मारली आणि मुलगी उठून पळाली. जाळ्यात अडकलेले लहान मासे सोडवायला बारीक बोटं लागतात, आणि उशीर झाला तर उन्हात माल नासतो. त्यापुढे माझ्या गोष्टींचं काय चालणार! मी तशीच चरफडत परत आले.

जूनअखेर शाळा उघडली. पहिल्याच दिवशी आई मुलीला घेऊन आली आणि स्वतः वर्गाच्या दाराशी थांबली. "ऐका मॅडम आता," ती तिथूनच म्हणाली. मुलीनं माझ्याजवळ येऊन पुस्तक उघडलं आणि पहिली गोष्ट खडाखडा सुरू केली, कुठेही न अडखळता. मी हरखून गेले. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंड दोन ओळी पुढे होतं, बोट मागेच राहिलं होतं. पान उलटायचं राहून गेलं तरी गोष्ट आपली चालूच.

"हिच्या मामाची पोरगी कॉलेजात हाये," आई दारातून सांगत होती. "तिच्याकून वाचून घेतलं अन् मग रोज हिच्याकून घोकून घेतलं. पोरगी झोपेले आली तरी नाही सोडलं, मॅडम."

मी पुढची गोष्ट काढून मुलीसमोर धरली. ती त्या ओळीकडे बघत राहिली. पहिलं अक्षर ओठांवर आलं, पुढचं काही येईना. मार्चमध्ये हिनं याहून अवघड वाक्य वाचलं होतं. मग ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, हे नाही सांगतलं मले कोणी."

मी सांगितलं ते तिच्या आईनं सगळं केलं होतं, स्वतःला एक अक्षर येत नसताना केलं होतं. आता तिला काय समजावू, आणि कुठल्या तोंडानं?

दारातून तिनं तोंडभर हसून विचारलं, "वाचते नं आता?"

मी म्हटलं, "हो. वाचते."