पहिली पिशवी आणि माझे दोन शब्द

आधी चहा संपवा बघू. मग माझी फजिती सांगते, म्हणजे हसताना सांडायला नको!

मी मुळात रेडिएशनची डॉक्टर. कॅन्सरवर किरणं सोडता सोडता पेशींच्या संशोधनात शिरले. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, लॅबमध्ये त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या. अर्धं आयुष्य घातलं हो त्यात! शेवटी अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलात पहिला पेशंट ठरला, घाटकोपरचे नाईककाका. माझी हौस एकच: त्या पेशींची पहिली पिशवी चढताना आपल्या डोळ्यांनी बघायची.

त्या सकाळी गोठवलेली पिशवी आली. माझी ज्युनियर श्वेता ती वितळवायला घेणार, तेवढ्यात दाराबाहेर नाईककाकू दिसल्या. म्हटलं, दोन शब्द धीराचे बोलून येते.

आता मला दोन शब्द कधी जमलेत का?

"काकू, आपल्या अंगात ना, पहारेकरी पेशी असतात..." झाले मी सुरू. काकूंचा चेहरा उतरला. मला वाटलं, समजत नाहीये. आणखी सोपं केलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मी कागदावर चित्रच काढलं. चित्र बघून तर त्या रडायलाच लागल्या!

"डॉक्टरनू, खरा काय ता सांगा. ह्यांका काय झाला?"

"अहो, काहीच नाही झालं!"

"मगे इतक्या समजावतास कित्याक? माझ्या सासऱ्यांच्या टायमाक पण डॉक्टरान असाच बाजूक घेवन समजावल्यान. चित्र पण काढल्यान!"

खरंच की! बाजूला घेऊन इतकं गोड बोलणारा डॉक्टर कधी चांगली बातमी देतो का? मला फार वाईट वाटलं. काकूंना मास्क लावला आणि हाताला धरून थेट काकांच्या खोलीच्या दारात नेलं.

काका उशीला टेकून मजेत बसलेले. "अगो, रडतस कित्याक? झाला माझा!"

"झालं?" हे मी किंचाळले.

श्वेतानं रिकामी पिशवी दाखवली. "मस्त गेली मॅडम. काही त्रास नाही."

"अगं, मला हाक मारायची ना!"

"पण मॅडम, 'वितळल्यावर पेशी फार टिकत नाहीत, थांबायचं नाही, अगदी माझ्यासाठीसुद्धा नाही,' हे तुम्हीच शिकवलंत ना?"

काकूंनी डोळे पुसले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे तुमका बघूकच गावला नाय?"

आणि त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं आणि समजावायला सुरुवात केली.