बानोनाच्या कानात सांगितलेले निरोप

बानोना मरता मरता राहिली आणि खाडीवरच्या अख्ख्या वस्तीची पंचाईत झाली. स्वतः बानोनाची तर जास्तच.

तसं तिचं मरण अगदी रीतसर चाललं होतं. ताप उतरेना, पाणी घशाखाली जाईना, तेव्हा वस्तीचे पुरोहित, द्रुइद दागोमार, यांना बोलावणं गेलं. त्यांनी तिच्या पापण्या उचलून पाहिल्या, मान हलवली आणि दारावर ओकची फांदी टांगायला सांगितली. फांदी दिसली की ज्याला कुणाला पलीकडे निरोप धाडायचा असेल त्यानं यायचं. लोक आले. एकेकानं वाकून तिच्या उजव्या कानात आपापल्या मेलेल्या माणसासाठी काय ते सांगितलं. पलीकडे माणसं घरदार करून राहतात, खातात-पितात, भांडतात, आणि मनात येईल तेव्हा नव्या अंगात शिरून इकडे परत येतात. त्यांना इकडची खबर हवीच असते, आणि मरणाऱ्याशिवाय ती नेणार कोण? मग बानोनाची मीठ ढवळायची फावडी गुडघ्यावर मोडण्यात आली, काशाची कढई दगडानं ठेचली, कारण इथं मोडलेलं तिथं धड होऊन मिळतं. तिची लोकरी शाल शेजारच्या विंपिलानं घरी नेली. एवढं झाल्यावर मंडळी अंगणात सातूची दारू पीत बसली.

सकाळी बानोना उठून बसली आणि तिनं पेज मागितली.

कुणाच्याही तोंडावर आनंद दिसला नाही, हे तिनं पुढे कुणालाच माफ केलं नाही. विंपिला तर शाल पांघरूनच आली होती.

"बरं वाटतंय का काकू?" तिनं विचारलं.

"शाल काढ आधी," बानोना म्हणाली.

अशी ती पहिल्यापासूनच. तिच्या आईची मिठाची भट्टी तिच्याकडे आली तेव्हा ती नुकतं न्हाण आलेली पोर होती. खारवट वाळू धुवायची, त्या पाण्यात अंडं तरंगेपर्यंत ते पुनःपुन्हा वाळूतून गाळायचं, मग मातीच्या साच्यांत भरून भट्टीवर आटवायचं आणि शेवटी साचा फोडून मिठाचा गोळा बाहेर काढायचा, यात तिचं सगळं आयुष्य गेलं. हात कायमचे चिरलेले, आणि जीभ त्या हातांपेक्षा खरखरीत. गिऱ्हाईकाला ती तोंडावर सांगायची, "आजचं मीठ ओलं आहे, घेऊ नकोस." नवऱ्याला त्याच्या मरणाच्या अंथरुणावर तिनं सांगितलं होतं की तू जाणार आहेस, उगाच आशेवर राहू नकोस. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. त्यात चांगुलपणा किती आणि आडमुठेपणा किती, हे वस्तीनं कधी ठरवलं नाही.

तिला एकच मुलगा, कारांतो. मीठ घेऊन होडीतून गेला तो समुद्रातच राहिला. बुडालेल्या माणसाची हीच पीडा असते, तो न बोलता जातो. अंथरुणात मरणारा नवरा बायकोला निदान म्हणतो, जा, दुसरं घर कर. बुडालेल्याची बायको मात्र त्यानं पलीकडून मोकळं करेपर्यंत त्याचीच. कारांतोची बायको लितुगेना अशी लटकून राहिली होती. सासूच्या हाताखाली वाळू धूत होती, आणि सासूचं बोलणं ऐकत होती.

आजारपणात कानात सांगितलेले बाकीचे निरोप बानोनाला तापातून भुणभुणल्यासारखे ऐकू आले होते. सुनेचा मात्र शब्द न् शब्द कळला. लितुगेना म्हणाली होती, "कारांतोला सांगा, मला ब्रिक्कोच्या घरी जायचंय. त्यानं मोकळं करावं."

ब्रिक्को म्हणजे खाडीच्या वळणावरचा होड्या बांधणारा. माणूस वाईट नव्हता, आणि तेच बानोनाला जास्त लागलं. माझ्याच पोराला द्यायचा निरोप, आणि तो माझ्याच कानात! पोरगी किती दिवस वाट बघत बसली असेल माझ्या मरणाची? यावरून तिला असं कडाकडा भांडायचं होतं की खाडीपलीकडे ऐकू जावं. पण कानात सांगितलेला निरोप जिवंत माणसांत उच्चारायचा नाही, असा नियम. उत्तर आणलं असेल तर तेवढं सांगायचं. ज्या बाईनं जन्मात कुठलं भांडण पोटात ठेवलं नव्हतं, तिला हे एक ठेवावं लागलं. ती साचे आपटायची, सरपण फेकायची, आणि लितुगेना मुकाट्यानं ते गोळा करायची.

तोवर लोकांनी आपल्यापुरतं गणित मांडलं होतं. बानोना गेली होती आणि परत आली, म्हणजे तिनं निरोप पोचवले आणि उत्तरं आणली.

"काकू," विंपिला एक दिवस डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन आली, "माझी बहीण भेटली असेल ना? काय म्हणाली ती?"

"काही नाही म्हणाली."

"असं कसं? ती गप्प बसणारी नव्हती."

"मला भेटलीच नाही. मला कुणीच भेटलं नाही."

विंपिलानं मांसाचा तुकडा तिच्यापुढून उचलून घेतला. थोडा विचार करून परत ठेवला. "आठवेल हो. खा तुम्ही," ती म्हणाली.

मग रोजच कुणी ना कुणी यायला लागलं. कुणी मध आणला, कुणी मासे. म्हातारा कोत्तो नुसताच येऊन दारात बसायचा आणि अपराधी चेहऱ्यानं तिच्याकडे बघायचा. त्यानं कानात काय कबूल केलं होतं ते बानोनाला आठवतही नव्हतं, पण तो गेल्याशिवाय तिला कामाला हात घालता येईना. "मला काही ठाऊक नाही, जा घरी," असं तिनं ओरडून सांगितलं की तो आणखी घाबरायचा.

शेवटी ती तणतणत दागोमारांकडे गेली. द्रुइद राईच्या कडेला त्यांच्या झोपडीबाहेर ऊन खात बसले होते.

"गुरुजी, लोकांना सांगा. मी कुठंही गेले नव्हते."

"फांदी टांगली होती," दागोमार म्हणाले. "निरोप दिले गेले. आणि तू गेली नव्हतीस?"

"मी अंथरुणात होते."

"अंग अंथरुणात होतं. आत्म्याचं विचारतोय. काय दिसलं तुला?"

"काही नाही."

"काही नाही असं काही नसतं, बानोना."

"मग तुम्ही मरून या आणि बघा," ती म्हणाली.

दागोमार रागावले नाहीत. वीस वर्षं गुरूपुढे बसून त्यांनी जे श्लोक पाठ केले होते, त्यातले आत्म्याच्या वाटचालीचे सगळे त्यांनी डोळे मिटून मनात फिरवले. बानोना उन्हात उभी राहिली. तिचे पाय दुखायला लागले. आत्मा मरत नाही, हे श्लोकांत होतं. एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो, हेही होतं. मरणाऱ्याला न्यायला त्याचं जवळचं माणूस काठावर येतं, हेही होतं. निरोप घेऊन निघालेलं माणूस अर्ध्यातून पेज मागायला परत आलं तर काय करायचं, हे मात्र कुणी रचून ठेवलं नव्हतं.

"तुला न्यायला कुणी आलं असेलच," ते म्हणाले. "आठव."

ती घरी आली. दागोमारांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. तिची श्रद्धा कमी नव्हती. वस्तीत मूल जन्मलं की ती पहिली बघायला जायची आणि कारांतोसारखी डाव्या भुवईतली खूण आहे का ते शोधायची. त्या तापात तिनं त्याचीच वाट पाहिली होती. अंधार नव्हता, उजेड नव्हता, झोपही म्हणता येईना, झोपेत निदान स्वप्नं पडतात. त्या कशातच नसलेल्या जागी तिनं त्याला हाक मारली होती, आणि कुणी आलं नव्हतं. आई मरायला टेकली तरी पोरगा काठापर्यंत आला नाही. हा राग ती कुणावर काढणार? म्हणून तो सगळ्यांवर निघत होता.

ब्रिक्कोवरही. तो एकदा न विचारता भट्टीचं छप्पर शाकारून गेला.

"कुणी बोलावलं होतं याला?" बानोनानं सुनेला विचारलं.

"गळत होतं."

"माझं छप्पर आहे. मला हवं तर गळेल."

लितुगेना टोपली उचलून वाळूकडे गेली. सगळी वस्ती उत्तरं मागत होती, आणि हिनं तोंड उघडलं नव्हतं, हेच बानोनाला सगळ्यात जास्त झोंबत होतं. विचारलं असतं तर 'नाही म्हणाला' हे शब्द तिनं जिभेवर तयार ठेवले होते. का ठेवू नयेत? पोरगी गेली तर ओली वाळू कोण उचलणार? संध्याकाळी कुणावर खेकसायचं? खोटं म्हणावं तर तेही पुरतं खोटं नव्हतं. कारांतो आला नाही, म्हणजे एक प्रकारे नाहीच म्हणाला की.

ओहोटी लागून खाडी उघडी पडली होती त्या दिवशी दोघी भट्टीपाशी होत्या. मोडलेल्या फावडीच्या उरलेल्या तुकड्यानं बानोना पाणी ढवळत होती आणि कमरेतून इतकं वाकावं लागतं म्हणून वस्तीला शिव्या घालत होती. लितुगेनानं हातातली टोपली खाली ठेवली.

"आई, विचारू का एक?"

"विचार की. सगळ्यांनी विचारून झालंय."

"तुम्ही बाकीच्यांना सांगता, कुणी भेटलं नाही म्हणून. मला वाटतं, तुम्ही त्यांना टाळता." तिनं ओले हात पोटावर पुसले. "कारांतो नाही म्हणाला असेल तर तसंच सांगा. मी इथंच राहीन, परत विषय काढणार नाही. तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

बानोनाला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हा असला विश्वास कुणी मागितला होता हिच्याकडे? घासाघीस केली असती, रडली असती, ब्रिक्कोचं कौतुक केलं असतं, तर 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. पोरगी मान खाली घालून उभी होती, आणि बानोना जे बोलेल त्यावर उरलेला जन्म काढायला तयार होती.

"हो म्हणाला," बानोना म्हणाली.

लितुगेनानं वर पाहिलं. "खरंच?"

"आता दोनदा विचारणार आहेस का? मोकळी केली म्हणाला. जा म्हणाला."

"रागावला नाही?"

"नाही. ब्रिक्को होड्या चांगल्या बांधतो म्हणाला. मी अशी होडी घेतली असती तर बरं झालं असतं, म्हणाला." जन्मभर न बोललेलं खोटं एकदा सुटल्यावर भराभर येत होतं, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं.

लितुगेना मटकन वाळूवर बसली आणि रडायला लागली. बानोना ढवळत राहिली. पाणी आटत आलं होतं, कडेला पांढरं धरायला लागलं होतं.

"कसा दिसत होता?"

"तसाच. केस वाढलेत. कापायला कोण आहे तिथं."

"माझं काही विचारलं?"

"विचारलं ना. अजून उभ्या उभ्याच जेवते का, विचारलं. बसून जेवायला सांग म्हणाला."

लितुगेना रडता रडता हसली. तिनं मनगटानं नाक पुसलं, आणि मग सासूकडे बघून आनंदानंच, काहीही मनात न आणता विचारलं, "आणि तुमच्याबद्दल? तुम्हाला काय म्हणाला?"

बानोनानं तोंड उघडलं. एवढं सगळं रचलं होतं, आणखी एक वाक्य काही जड नव्हतं. दोन शब्द पुरले असते. ते तिनं आत शोधले, आणि मग फावडीचा तुकडा पाण्यात आणखी खोल घातला.

"माझ्याबद्दल काही नाही," ती म्हणाली. "घाईत होता."