काया नावाचा रंग

"हे काय होय?" उत्तमरावांनी विचारलं.

"सोनेरी," मी म्हणालो.

"ते मले दिसून राह्यलं. काऊन सोनेरी?"

याचं उत्तर माझ्या खिशातल्या जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, होतं आणि ते दाखवायची हिंमत नव्हती. उत्तमराव जानेफळचे. मुलाच्या नव्या सलूनसाठी आरशांच्या बारा अॅल्युमिनियमच्या चौकटी त्यांनी आमच्याकडे रंगवायला पाठवल्या होत्या. सलूनचं उद्घाटन उद्या सकाळी. आणि आज माझ्या तीन महिन्यांच्या ट्रायलचा शेवटचा दिवस.

मी कुडाळकडचा. शाळा नववीत सुटली. नंतर गॅरेजात होतो, तेही बंद पडलं. तेव्हा गॅरेजमालकाने आपल्या साडूला फोन केला आणि त्या साडूंनी, म्हणजे सलीमशेठनी, मला न बघताच मलकापूरला बोलावून घेतलं. खोली दिली, घरचा डबा दिला. हे उपकार एवढे मोठे होते, की शेठसमोर शिंक आली तरी मी आधी माफी मागायचो.

आमचं काम अॅनोडायझिंगचं. लोकांना वाटतं, आम्ही रंग फासतो. तसं नाही. अॅल्युमिनियम अॅसिडच्या टाकीत लटकवायचं आणि त्यातून करंट सोडायचा. धातूच्या अंगावर त्याचीच एक कडक साल तयार होते. सालीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. मग रंगाच्या टाकीत बुडवलं, की रंग भोकांत शिरतो. शेवटी उकळत्या पाण्यात सीलिंग, म्हणजे भोकं बंद. एकदा सील झालं, की रंग बदलत नाही. बदलायचाच तर साल खरवडून पहिल्यापासून सगळं करायचं, आणि त्याला अख्खा दिवस जातो.

रंग विचारायला मी सकाळी उत्तमरावांना फोन केला होता. डोक्यावर अॅसिडची वाफ खेचणारा ब्लोअर घरघरत होता.

"काका, रंग कोणता?"

"काया."

"काय?"

"हो, काया!"

"काय?"

"अबे, काया! काया, माह्यावानी!"

आणि फोन बंद.

मला ऐकू आलं, 'काया, माया, वाणी'. मला वाटलं, माणूस कीर्तनाला बसलाय आणि मी मध्येच फोन केला. इथल्या बोलीत मी तोवर 'मले-तुले'पर्यंतच पोचलो होतो. पुन्हा फोन करायची भीती वाटली. शेठना विचारायची तर त्याहून जास्त. मग मी डोकं चालवलं. काया म्हणजे शरीर. शरीराचा रंग कोणता? काकांनी एवढ्या ठसक्यात सांगितलाय, तर सोन्यासारखी काया असणार. कार्डावर लिहिलं: 'काया (बहुतेक सोनेरी)'.

बाराच्या बारा चौकटी सोनेरी झाल्या. सीलिंग तेवढं राहिलं, कारण शेठ जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि त्यांना न दाखवता सील करायचा मला धीर झाला नाही. चौकटी मी साध्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवल्या. तेवढ्यात उत्तमराव टेम्पो घेऊन हजर.

"म्या काया सांगतला होता!" त्यांनी मिशीला हात लावला. "हे काया!" बूट आपटला. "हे काया!" मग टेम्पोच्या टायरवर थाप मारली. "आन् हे बी काया! तुमच्याकडं काय म्हनतेत याले?"

"काळा," मी म्हणालो. एवढ्या बारीक आवाजात, की माझं मलाच ऐकू आलं नाही. 'माह्यावानी' म्हणजे 'माझ्यासारखा', हेही उत्तमरावांकडे बघून तेव्हाच कळलं.

तेव्हाच शेठ आले. कार्ड मागितलं. वाचलं. टोपी काढून खिशात ठेवली.

"काऊन बे दीपक, 'बहुतेक' नावाची टाकी कोनती आपल्याकडं?"

माझ्या डोळ्यांसमोर कुडाळची गाडी.

"सील केलं?"

"नाही शेठ. तुम्ही नव्हता. भीती वाटली."

"अॅसिडमध्ये किती वेळ ठेवलं?"

"पाऊण तास."

"वीस मिनटं ठेवत जाय म्हनलं होतं न तुले!"

"कच्चं राहील अशी भीती वाटली."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग हसायलाच लागले. काळ्या रंगाला साल जाड लागते, सोनेरीला पातळही चालते. मी घाबरून साल जाड करून ठेवली होती, आणि घाबरूनच तिची भोकं उघडी ठेवली होती.

"फिक्क्यावर गडद चढते," शेठ म्हणाले. "टाक कायात."

अर्ध्या तासात चौकटी काळ्याकुळकुळीत झाल्या. सीलिंग होईपर्यंत उत्तमराव उकळत्या टाकीजवळून हलले नाहीत. मग त्यांनी एक चौकट मिशीजवळ धरली, टेम्पोच्या आरशात दोन्ही निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "मिशीच फिक्की पडली लेका." हे पसंतीचं बोलणं होतं, असं शेठनी मला नंतर समजावलं.

टेम्पो गेला. मी ब्लोअरखाली उभा राहून निकालाची वाट बघत होतो. शेठ लांबूनच ओरडले.

"दीपक, आजपासून तू कायम!"

"काय?"

"कायम!"

"काय?"

शेवटी मी कार्ड आणि पेन घेऊन त्यांच्यापर्यंत गेलो आणि लिहून घेतलं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. कंसात 'बहुतेक' लिहायची गंमत शेठनी केलीच, पण खाली सही आहे.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला रंगाचं नाव विचारत नाही. नमुन्याच्या पट्ट्या पुढे ठेवतो आणि बोट ठेवा म्हणतो. बोटाला बोली नसते.