बांगड्या काढलेला हात

गेल्या आठवड्यात मुलीच्या गिटारची तार तुटली आणि ती तार धरून ठेवणारी पिन ब्रिजच्या लाकडी पट्टीतून निघेना. मी पक्कड शोधत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब, मले हात घालू दे." बाकीच्या तारा सैल करून तिने गिटारच्या पोटात हात घातला आणि चमच्याने पिन आतून वर ढकलली. बाबांना जाऊन महिना झाला, तिच्या हातात आता बांगड्या नाहीत. मला अजून रडू आलेलं नाही. गिटारमधून जुन्या लाकडाचा वास आला आणि कॉलेजातली एक दुपार आठवली.

तेव्हाही पिन अशीच अडकली होती.

"कावून वढून राहिला पकडीनं? फुटून जाईन ना ते!"

"माझा हात आत जात नाही, आई. तुझा जाईन. बांगड्या काढ."

"तुझे बाबा प्लांटात ड्यूटीवर हायेत. ते घरी येतपर्यंत नाही काढत मी."

"कुछ नहीं होता! मले संध्याकाळी गॅदरिंगमध्ये वाजवाचं हाय."

तिने मनगटाला साबण लावून एकेक बांगडी उतरवली. पिन निघाल्याबरोबर सगळ्या परत भरल्या. मग मात्र ती दारातच उभी राहिली, शिफ्ट सुटून बाबांची सायकल येईपर्यंत.

"तब्येत बरी हाय ना?" तिने विचारलं.

"मले का धाड भरली?" बाबा हसले.

मी वर पाहिलंही नाही. मी नवी तार सुरात लावत होतो.