बिनसालीचं डंपलिंग

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, बकी गावातल्या आमच्या मासळीच्या शेडमध्ये कुणी कुणाशी गोड बोलायला लागलं, की समजावं, तिच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. एरवी आम्ही दिवसभर एकमेकींची पिसं काढत असतो.

नेटा काउई ह्या कामात सगळ्यांची गुरू. सुरी तर तिच्याइतकी सफाईनं कुणीच चालवत नाही; हॅडॉक मासा हातात आला की काटा एकीकडे आणि मांस एकीकडे. नवरा गेला, मुलगी लांब ॲबर्डीनला, त्यामुळे तिचं जे काय आहे ते ह्या शेडमध्येच. नोव्हेंबरअखेर, सेंट अँड्र्यूच्या सणादिवशी सगळ्यांनी घरून आपल्याकडचे पदार्थ करून आणायचे, आणि कुणी काय आणायचं ते नेटानं ठरवायचं, हा आमचा रिवाज. डंपलिंग मात्र तिचंच. मैदा, चरबी, मनुका, काकवी कापडात बांधून तासन्‌तास उकळत ठेवायचं. आतला गोळा कुणालाही जमतो. खरी परीक्षा वरच्या तपकिरी, चिवट सालीची. त्या सालीच्या तुकड्यासाठी आम्ही भांडतो.

उन्हाळ्यापासून नेटाचं काहीतरी बिनसलं होतं. सुरीला धार लावून यायची आणि लगेच पुन्हा धार लावायला जायची. शेजारी उभ्या राहणाऱ्या लॉरेनला त्या पोरीच्या आईच्या नावानं हाक मारायची. एकदा तर मासा हातात धरून नुसतीच उभी राहिली. मुकादम डॉड फ्लेटला कळलं असतं, तर त्यानं सुरी काढून घेऊन तिला घरी बसवलं असतं. घरी बसून ती बोलणार कुणाशी? भिंतींशी? म्हणून आम्ही सांभाळून घेत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा पदार्थ ठरवताना ती मला म्हणाली, "इसोबेल, तू स्टोव्हीज आण. आणि बटाट्यांचा चिखल करू नकोस. मागच्या वेळी त्यानं घर सारवता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्टोव्हीज लॉरेनलाही सांगितले. तिसऱ्या दिवशी माझ्यावरच डाफरली, "भवाने, तू काय आणणार ते अजून बोलली नाहीस!"

"धुरावलेल्या हॅडॉकचं सूप आणते."

"आण. दूध तेवढं फाडू नकोस."

मी हसले. धीर करून म्हटलं, "यंदा डंपलिंग विकतचं आणू या का?"

"का? मी मेले का?"

सेंट अँड्र्यूच्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांसमोर कापड सोडलं. आत पांढरट, ओलाकिच्च गोळा. साल नावालाही नव्हती. ओल्या कापडावर आधी पीठ भुरभुरायचं असतं, तेच राहून गेलं होतं. आमच्याकडच्या शाळकरी पोरीही ते विसरत नाहीत.

असा गोळा मी आणला असता, तर नेटानं वर्षभर मला जगू दिलं नसतं. पण सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. लॉरेन म्हणाली, "छान झालंय हं, नेटा." आणि डॉडनं, कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या त्या डॉडनं, आणखी एक तुकडा मागून घेतला.

नेटानं चमचा खाली ठेवला. "अरे डॉड, हे कुत्र्यानंसुद्धा खाल्लं नसतं. आणि तू मागून घेतोस?"

डॉडनं ताटली बाजूला सारली. ती माझ्याकडे वळली.

"इसोबेल, कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

"आणि सुरी माझ्या हातात राहू दिलीत? ही पोर माझ्या कोपराला कोपर लावून उभी असते!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..." आमची माया तिला किती महागात पडली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नेटा हळूच खुर्चीवर बसली. "मला रोज शंका यायची गं," ती म्हणाली. "पण वाटायचं, खरंच काही झालं असतं तर ह्या सटव्यांनी मला सोडलं असतं का? तोंडावर फेकलं असतं. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, म्हणून मी समजत होते की मी बरी आहे."