रब्बीचे मासे

पुरानं वेढलेल्या घरी मी पुराचंच पाणी बाटलीत भरून भेट म्हणून नेलं होतं. वर बाटलीच्या झाकणाला हळदकुंकूही लावलं होतं.

झालं असं की नृसिंहवाडीला देवळात पुराचं पाणी शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडायला लागलं, की त्या धारेत अंघोळ करायला माणसं लोटतात. मोठं पुण्य असतं ते. शाहूपुरीतल्या मोटर-पंपाच्या ज्या दुकानात मी नोकरीला होतो, तिथले आम्ही चौघं रविवारी गेलो आणि यथेच्छ डुंबलो. बायको आधीच शिरोळजवळच्या माहेरी गेली होती. म्हटलं, एवढ्या लांब आलोच आहोत तर सासरवाडीला तीर्थ घेऊन जावं.

सासूबाईंनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि मागचं दार उघडून दाखवलं. परड्यात, चिंचेच्या बुंध्यापाशी, तसलंच गढूळ लाल पाणी चुळबुळत होतं.

"जावईबापू, ह्ये सकाळपास्नं आपल्या पायानं यायलंय की," त्या म्हणाल्या. "बाटलीतनं आणायची तसदी कशाला घेतली?"

बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात कुणी हसलं नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. उसाला पाणी पाजून पाजून सासऱ्यांच्या मळ्याचा खालचा तुकडा पांढराफटक झाला होता, मिठानं. तिथं गवतसुद्धा धड येईना. धाकट्या मेव्हण्यानं तिथं तळं खोदलं आणि कटला, रोहू असे मासे सोडले. आमचे सासरे, म्हणजे आबा, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे 'मासा' हा शब्द ते तोंडातून काढायचे नाहीत. "पीक कसं हाय?" एवढंच विचारायचे. शेतात जे पेरायचं ते पावसाच्या तोंडाला, हा त्यांचा नेम. म्हणून बोटाएवढी पिल्लंही पावसाच्या तोंडालाच तळ्यात पडायची. त्यात काही चूक आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी तर पाणी उपसायच्या यंत्रांवर पोट भरणारा माणूस. पाण्याबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

पुराच्या आधीची वर्षं पाण्यासाठी तोंड वासण्यात गेली होती. त्या उन्हाळ्यात तळं गुडघ्याएवढं उरलं. पाणी इतकं तापायचं की पहाटे मासे वर येऊन हवा गिळत पडायचे. मी दुकानातून एक जुना पंप नेऊन दिला. तळ्यातलंच पाणी उचलून वरून फवारलं की मासे जरा तरतरी धरायचे. जगले, पण वाढले नाहीत. आखाडात विकायचा माल वीतभरच राहिला. पुढं श्रावण, कोण घेणार? नव्या पाण्यात अंग धरतील, श्रावण संपला की काढू, असं ठरलं. बँकेपासून बहिणीच्या दिवाळीपर्यंत सगळं त्या एका तळ्यावर टेकलं होतं. हे पीक हातचं गेलं तर इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला जायचं, असं मेव्हणा मला एकदा हळूच बोलला होता. आबांना ते ठाऊक नव्हतं.

आणि मग महिन्याभराचा पाऊस आठवड्यात पडला. वरून धरणांचं पाणी सुटलं.

"घाबरू नगा," माझी बाटली पोचली त्या संध्याकाळी आबा म्हणाले. "म्हसोबाच्या पायाला पाणी लागलं की पूर मागं फिरतो. माझ्या बापानं बघितलंय, मी बघितलंय."

वेशीजवळचा तो शेंदरी दगड म्हणजे गावाची मोजपट्टी. तळ्याचा बांध मेव्हण्यानं म्हसोबापेक्षा कमरेएवढा उंच ठेवला होता. वर बांबू रोवून जाळं. त्यामुळे रात्री आम्ही सगळे निवांत झोपलो. मी तर घोरलो, असं बायको अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हसोबा दिसेनासा झाला.

जनावरं उंचावरच्या शाळेत नेऊन बांधली, बायका तिथंच थांबल्या. मेव्हणा तळ्याकडे निघाला. "दाजी, बांबू धरायला येताय व्हय?" असं त्यानं विचारलं, आणि सगळ्या शाळेसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी गेलो. बांधावर उभे राहिलो तेव्हा पाणी घोट्याला होतं. तो जाळं वर ओढून बांबूला बांधत होता, मी बांबूला मिठी मारून होतो. बांबू मी धरला होता की बांबूनं मला, हे आता सांगता येणार नाही. पाणी गुडघ्याला आलं. मग पोटऱ्यांवर काहीतरी आपटलं. मला वाटलं, लाकूड. पुन्हा आपटलं. मग सारखंच, दोन्ही पायांना, गुळगुळीत आणि जड.

"दाजी, हाललासा का?"

"न्हाय."

"मग जाळं कुठनं सुटलं?"

जाळं कुठूनच सुटलं नव्हतं. जाळ्याच्या खालचा बांध विरघळत होता, आणि मेव्हण्याचं वर्षभराचं पीक माझ्या दोन पायांमधून उसात निघून चाललं होतं. मी खाली हात घातला. कशासाठी, देव जाणे. एक मासा धरून काय करणार होतो? मेव्हण्यानं माझ्या दंडाला धरून मला ओढत काठावर आणलं. मी शाळेत येऊन भिंतीला टेकून बसलो. बायकोनं पुढ्यात ठेवलेला चहा गार झाला तरी माझ्या पोटऱ्यांना मासे लागतच होते.

पाणी ओसरल्यावर ऊस चिखलात निजला होता. सरींत मासे अडकून कुजले होते, वाऱ्याबरोबर वास गावभर यायचा. जे जिवंत होते ते ज्यांना सापडले त्यांचे झाले. शिरोळच्या रस्त्याला एक जण घमेलं घेऊन बसला होता. मला शहरी कपड्यांत बघून म्हणाला, "पावणं, घ्या की. नदीनं दिल्यात."

मेव्हणा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं एक कटला कल्ल्यात बोट घालून उचलला, उलटा-पालटा करून बघितला आणि परत ठेवला.

"चांगला पोसलाय," तो म्हणाला.

"नदीनं पोसलाय," घमेलंवाला म्हणाला.

"व्हय," मेव्हणा म्हणाला, आणि आम्ही चालू लागलो.

घरी येऊन त्यानं पिशवी भरायला घेतली. इचलकरंजीचं आबांना तेव्हा कळलं. ते ओट्यावर बसून होते. ज्या माणसानं जन्मभर गावाला पाणी कुठवर येणार ते सांगितलं, त्याला म्हसोबाकडे बघवत नव्हतं. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला असेल तर आबांच्या गप्प बसण्याचा. पूर आपण समजून घेऊ, पण आबा गप्प?

शेवटी ते पिशवीकडे बघत म्हणाले, "खरीप बुडाला की आपण काय करतोय?"

"रब्बी धरतोय," मेव्हणा पिशवीची नाडी ओढत म्हणाला.

"मग ह्या पिकालाच रब्बी का न्हाय?"

"आबा, पिल्लांचं बी पावसातच मिळतंय. दिवाळीला कुठनं आणू?"

"वर गुऱ्हाळाचा हौद मोकळा हाय की. तिथं दाटीवाटीनं ठेव. जगण्यापुरतं घाल खायाला. पाऊस सरला की खाली सोड, आन् मृगाच्या आत काढ. पाणी आलं तर रिकाम्या तळ्यात येऊंदे."

मेव्हणा हसला नाही, पण पिशवी बांधायची थांबली. पुढं मत्स्यबीज केंद्रातल्या माणसानं सांगितलं की अशी कोंडून ठेवलेली पिल्लं खुल्या पाण्यात झपाट्यानं वाढतात. आबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी आपला हरभऱ्याचा हिशोब लावला होता. मीही आपलं महत्त्व दाखवायला म्हणालो, उन्हाळ्यात फवाऱ्याला नवा पंप देतो, हप्त्यानं. सासूबाई म्हणाल्या, "बाटलीतनं नगा आणू म्हंजे झालं."

दिवाळीनंतर पिल्लं तळ्यात सोडली तेव्हा बायको आणि मी गेलो होतो. बांध पुन्हा घातला होता, अजून ओला. आबा लांब उभे राहिले, पण तिथून गेले नाहीत. मेव्हण्यानं बादल्या हळूहळू कलत्या केल्या. इचलकरंजीच्या मालकाला त्यानं मृगापर्यंत येत नाही म्हणून कळवलं होतं. मृगानंतरचं त्यानं काही सांगितलं नाही.

परत येताना एसटीत मी माझा पंपवाला अधिकार वापरून जाहीर केलं, "चला, आता काळजी मिटली."

बायको खिडकीबाहेर चिखलातून नव्यानं फुटलेला ऊस बघत होती.

"कशी मिटली?" ती म्हणाली. "आता पाऊस दिवाळीतबी पडायलाय. पण तळ्यात मासं हायत तंवर धाकटा घरात हाय. तुम्ही तेवढा पंप लवकर पाठवा."